परक्या मैदानावरील उंच चेंडू

फुटबॉल हा आपल्याकडे पावसाचा खेळ आहे. कोलकात्याच्या मैदानावरील लीगचे सामने रंगात येतात ते आषाढ-श्रावणात, आणि मुंबईतही एके काळी फुटबॉलचा मोसम म्हणजे पावसाळाच असे. ब्रिटिश अमदानीत आपले खेळाडू बहुधा अनवाणी खेळत. मैदान कोरडे असले की त्यांची चपळाई आणि आखूड पास देण्याची हातोटी यांपुढे गोऱ्या पलटणींच्या संघांची पुरी दमछाक होई. पण एकदा का चिखल झाला, की पारडे फिरे. पाय घसरू लागत, चेंडू जमिनीवरून हवा तसा सरकत नसे, आणि बूट घातलेले धिप्पाड सैनिक लांब चेंडू मारून त्याच्यामागे धावत सुटत. १९३४ साली महामेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. त्या यशाच्या कारणांमध्ये एक अगदी साधे कारण सांगितले जाते. ओल्या मैदानावर त्या संघाचे खेळाडू बूट घालून उतरत. अनवाणी खेळण्यात पुरुषार्थ मानणाऱ्या काळात ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती.

नाजूक, आखूड पासचा खेळ खेळणाऱ्या संघाने धसमुसळ्या आणि सरळसोट खेळणाऱ्या संघाच्या घरी जाऊन कसे खेळावे, हा प्रश्न त्यामुळे आपल्याला परका नाही. तो जगातील सर्वोत्तम संघांनाही पडलेला आहे. त्यांपैकी एका संघाची हकीकत येथे सांगावयाची आहे. घरातील ज्या मंडळींना फुटबॉल म्हणजे बावीस जणांची निष्कारण धावपळ वाटते, त्यांनीही ती वाचावी. चेंडूमागे धावणे हा या खेळाचा निम्माच भाग असतो आणि उरलेला भाग विचाराचा असतो, हे तिच्यावरून ध्यानात येईल.

तारीख होती १३ डिसेंबर १९५४. मध्य इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या गावी, मोलिन्यू मैदानावर, विजेच्या झोतात एक मैत्रीचा सामना व्हावयाचा होता. यजमान होते वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘वुल्व्ह्ज’, त्या वर्षीचे इंग्लंडचे लीग विजेते. पाहुणा होता बुडापेस्टचा होनव्हेद हा सैन्याचा संघ. सामना मैत्रीचा असला तरी त्यामागे एका राष्ट्राचा दुखावलेला अभिमान उभा होता. आदल्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, हंगेरीने वेंब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरविले होते. युरोप खंडातील कोणत्याही देशाने इंग्लंडला वेंब्लीवर नमविण्याची ती पहिलीच वेळ. पुढे मे १९५४ मध्ये बुडापेस्टला इंग्लंडचा ७-१ असा धुव्वा उडाला. फुटबॉल ज्यांनी जगाला शिकविला त्यांना तो पुन्हा शिकण्याची पाळी आली होती. वेंब्लीवर खेळलेल्या हंगेरियन खेळाडूंपैकी सहा जण या सामन्यात होनव्हेदच्या संघात होते: पुश्काश, कोचिश, बोझिक, चिबोर, बुदाई आणि लोरांत. उलट बाजूला वुल्व्ह्जचा कर्णधार बिली राइट हा त्या दोन्ही पराभवांत इंग्लंडचाही कर्णधार होता. त्या रात्री मैदानात सुमारे पंचावन्न हजार माणसे जमली, आणि सामन्याचा उत्तरार्ध बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीवरून थेट दाखविला.

वुल्व्ह्जचे व्यवस्थापक स्टॅन कलिस हे कडक शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या संघाचा खेळ सरळ होता. चेंडू मिळाला की तो मागे-पुढे खेळवत न बसता लांब मारून प्रतिपक्षाच्या गोलापाशी न्यावयाचा, आणि त्यामागे सर्वांनी जोराने धावत जाऊन दबाव आणावयाचा. पावसाने मैदान आधीच ओले होते. तरीही सामन्याच्या दिवशी सकाळी कलिस यांनी आपल्या उमेदवार मुलांना मैदानावर आणखी पाणी मारावयास सांगितले. या मुलांपैकी एक होता रॉन अ‍ॅटकिन्सन. पुढे तो स्वतःच नामांकित व्यवस्थापक झाला आणि ही कथा त्याने अनेकदा सांगितली. कोणी याला लबाडी म्हणेल, कोणी यजमानाची चतुराई. नियमांत ते बसत होते एवढे खरे, आणि परगावी जाणाऱ्या संघाने असे काही होणारच असे गृहीत धरून निघावे हे बरे.

पूर्वार्धात होनव्हेदचा खेळ नेत्रदीपक झाला. दहाव्या मिनिटाला पुश्काशच्या फ्री किकवर कोचिशने डोक्याने चेंडू गोलात धाडला, आणि चारच मिनिटांनी माचोशने दुसरा गोल केला. वुल्व्ह्जचा गोलरक्षक बर्ट विल्यम्स याने अनेक फटके अडविले नसते तर सामना तेथेच संपला असता. पण मध्यंतरापर्यंत बावीस जणांच्या बुटांनी मैदानाचा मधला भाग घुसळून काढला होता. उत्तरार्धात चेंडू चिखलात रुतू लागला. दहा यार्डांवरच्या गड्याकडे दिलेला पास सहा यार्डांवर थांबू लागला, आणि तो घेण्यासाठी हंगेरियन खेळाडू मागे वळतो न वळतो तोच वुल्व्ह्जचा गडी त्याच्या अंगावर येऊ लागला. वुल्व्ह्जचा चेंडू मात्र चिखलाला शिवतच नव्हता. तो वरून जात होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच जॉनी हँकॉक्सने पेनल्टीवर एक गोल फेडला, आणि अखेरच्या पाव तासात रॉय स्विनबर्नने दोन मिनिटांत दोन गोल करून सामना ३-२ असा फिरविला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरळसोट खेळ म्हणजे आडदांडांचा अविचारी खेळ, अशी समजूत असते. हँकॉक्स हा त्या संघाचा बगलेचा खेळाडू जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा होता. त्याच्यापर्यंत मैदान ओलांडून तिरपा, लांब आणि अचूक चेंडू पोचविणे हे हमालीचे काम नव्हते. त्यालाही कसब लागत असे. प्रतिपक्षाला खालचे मानून जो संघ परगावी जातो, तो अर्धा सामना आगगाडीतच हरलेला असतो, असे माझे मत आहे.

मग अशा खेळामागचा विचार तरी काय असतो? तो समजून घेण्यासाठी चार्ल्स रीप या गृहस्थांकडे वळावे लागेल. रीप हे ब्रिटिश हवाई दलात हिशेबाच्या कामावरील अधिकारी होते. १९५० सालापासून ते सामना पाहताना हाती वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक पासची आणि प्रत्येक फटक्याची नोंद करू लागले. त्या काळात वुल्व्ह्जच्या कलिस यांनाही त्यांच्या आकड्यांचा उपयोग झाला. १९६८ साली त्यांनी बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञासमवेत आपले निष्कर्ष लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की शंभरापैकी सुमारे ऐंशी गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात, आणि साधारण नऊ-दहा फटक्यांमागे एक गोल पडतो. यावरून रीप यांनी असा निष्कर्ष काढला की जास्त पास देणे हा वेळेचा अपव्यय आहे. चेंडू जितक्या अधिक वेळा प्रतिपक्षाच्या गोलापाशी पोचेल तितके अधिक फटके, आणि तितके अधिक गोल.

या युक्तिवादात एक मोठी खोट आहे. फुटबॉलमधील बहुतेक चढाया मुळातच तीन पासच्या आत संपतात. शंभरात नव्वदांहून अधिक. मग शंभरापैकी ऐंशीच गोल त्यांतून होत असतील, तर लांबलचक चढाया उलट अधिक फलदायी ठरत नाहीत काय? घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणाही गृहिणीला ही चूक चटकन दिसेल. संख्याशास्त्रज्ञांनीही ती पुढे दाखवून दिली. परंतु पाहुण्या संघाच्या दृष्टीने रीप यांचे चुकणे तितकेसे महत्त्वाचे नाही. यजमानाची श्रद्धा कशावर आहे, हे त्यांच्यामुळे कळते. यजमानाला सुंदर चढाई नको आहे, संख्या हवी आहे. तुमच्या गोलापाशी चेंडू साठ वेळा आला तर त्यांतले काही फटके लागतील, यावर त्याचा डाव उभा आहे. म्हणून पाहुण्यांचे पहिले काम म्हणजे हे साठ चाळिसावर आणणे. प्रत्येक उंच चेंडू अडविण्याचा हट्ट धरण्यापेक्षा हे काम निराळे आहे, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचे.

हे साधावे कसे? उंच चेंडू येतो तेव्हा त्याखाली दोन गडी उडी मारतात, एक आपला आणि एक त्यांचा. पाहणाऱ्यांचे डोळे या उडीवर खिळतात. परंतु अशा उडीतून चेंडू स्वच्छपणे कोणाच्याच ताब्यात येत नाही. तो कोणाच्या तरी डोक्याला लागून दहा-पंधरा यार्डांवर खाली पडतो. या खाली पडणाऱ्या चेंडूला इंग्रज प्रशिक्षक ‘सेकंड बॉल’ म्हणतात. आमच्यासारख्या भाषांतर हाच व्यवसाय असलेल्यांना या शब्दासाठी मराठी प्रतिशब्द शोधताना बराच घाम गाळावा लागतो. ‘दुसरा चेंडू’ म्हटले तर वाचकाला मैदानात दोन चेंडू आहेत असे वाटावयाचे. मी त्याला ‘उतरता चेंडू’ म्हणतो. सरळसोट खेळणाऱ्या संघाचे खरे अन्न हा उतरता चेंडूच असतो. त्यांचा उंच सेंटर फॉरवर्ड डोक्याने गोल मारतो तो क्वचित. बहुतेक वेळा तो चेंडू खाली पाडतो आणि धावत येणारे त्याचे दोन-तीन सोबती तो उचलतात.

तेव्हा उडीत हार झाली तरी चालेल, पण उतरत्या चेंडूखाली आपली माणसे त्यांच्याहून अधिक हवीत. पिछाडीच्या एकाच गड्याने उडी मारावी. त्याचा उद्देश चेंडू जिंकण्यापेक्षा प्रतिपक्षाला मोकळेपणी डोके लावू न देणे हा असावा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गड्यांनी थोडे मागे सरून त्याची पाठ राखावी, म्हणजे चेंडू निसटून मागे गेलाच तर तो त्यांना सापडेल. मधल्या फळीतील दोघांनी उडीच्या पुढे, अंदाजे जेथे चेंडू उतरेल तेथे, आधीच जाऊन थांबावे. नाजूक खेळाची सवय असलेल्या संघातील मधल्या फळीचे गडी येथेच चुकतात. चेंडू हवेत असताना ते पुढे, पास घेण्याच्या आपल्या लाडक्या जागी, उभे असतात. पिछाडी आणि मधली फळी यांच्यात तीस यार्डांची पोकळी पडते, आणि वुल्व्ह्जसारखा संघ त्या पोकळीत आपला संसार थाटतो. होनव्हेदचे उत्तरार्धात नेमके हेच झाले असावे. थकलेले बोझिक आणि त्याचे सोबती चिखलातून मागे-पुढे करण्याइतके ताजे राहिले नव्हते.

पिछाडीने किती मागे उभे राहावे, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. भीतीपोटी संघ आपल्या गोलाला चिकटून उभा राहतो, आणि ही भीती महागात पडते. पिछाडी जेवढी मागे, तेवढा उतरता चेंडू गोलाच्या जवळ पडणार. गोलापासून आठ यार्डांवर पडलेल्या चेंडूला नुसता पाय लागला तरी पुरे. पंचवीस यार्डांवर पडलेल्या चेंडूवरून गोल करावयास कसब लागते. म्हणून उंच चेंडू जितका दूर झेलता येईल तितका दूर झेलावा. मात्र फार पुढे सरकले तर पाठीमागच्या मोकळ्या जागेत चपळ गडी पळतो. या दोहोंमधली जागा रोज वेगळी असते, कारण वारा कसा आहे, गोलरक्षक किती धिटाईने पुढे येतो आणि चेंडू कोण मारतो आहे, यांवर ती ठरते. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. लांब चेंडू मारणाऱ्याला मान वर करून, पाय टेकवून, निवांत मारू दिले तर तो अचूक येतो. त्याच्या अंगावर एक गडी नुसता धावून गेला तरी तो घाईने मारला जातो आणि निम्म्या वेळा बाहेर जातो. उंच चेंडूचा बंदोबस्त असा पन्नास यार्ड अलीकडेच, आघाडीच्या फळीपासून सुरू होतो. आघाडीचे गडी हे काम आपले मानीत नाहीत, ही प्रशिक्षकांची जुनी तक्रार आहे.

आणखी एका गोष्टीत पाहुण्यांनी कृपण असावे. ती म्हणजे खेळ थांबविणे. आपल्या गोलाच्या आसपास फाउल केला, कॉर्नर दिला, की यजमानांचे सर्व उंच गडी सावकाश पुढे येऊन उभे राहतात. त्यांना धावण्याचेही कष्ट पडत नाहीत. किंबहुना, साधा बाजूने फेकावयाचा चेंडूसुद्धा किती घातक होऊ शकतो, याचे उदाहरण वुल्व्हरहॅम्प्टनपासून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या स्टोक गावी घडले, तेही अलीकडच्या काळात.

२००८ साली स्टोक सिटी हा संघ इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये वर चढला. त्याच्याकडे रोरी डेलॅप नावाचा एक मधल्या फळीचा खेळाडू होता. शाळेत असताना तो भालाफेकीत चमकलेला. त्याचा थ्रो-इन इतरांसारखा कमानीतून अलगद येत नसे. तो सपाट आणि वेगाने थेट गोलाच्या तोंडाशी येई. येथे नियमांतील एक बारीक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. थ्रो-इनवर ऑफसाइडचा नियम लागू होत नाही. त्यामुळे स्टोकचे खेळाडू गोलरक्षकाच्या अगदी नाकासमोर उभे राहू शकत. थ्रो-इन थेट गोलात गेला तर तो गोल धरला जात नाही खरा, पण वाटेत कोणाचाही स्पर्श झाला की पुरे. शिवाय स्टोकने आपल्या मैदानाच्या रेषा आत ओढून घेतल्या होत्या. शंभर मीटर लांब आणि चौसष्ट मीटर रुंद एवढेच ते ठेविले होते. इतर बहुतेक मैदाने एकशे पाच गुणिले अडुसष्ट. बाजू जवळ आली की फेक आणखी आत पोचते, आणि नाजूक पास देणाऱ्यांना मोकळी जागाही कमी मिळते. कलिस यांनी पाणी मारले होते, यांनी चुन्याच्या रेषा सरकविल्या. मैदान हेच यजमानाचे बारावे माणूस!

१ नोव्हेंबर २००८ रोजी आर्सेनल हा लंडनचा देखणे पास देणारा संघ तेथे गेला आणि २-१ असा हरला. स्टोकचे दोन्ही गोल डेलॅपच्या फेकीवरून झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस हल सिटीचा गोलरक्षक बोआझ मायहिल याने जे केले ते तर विलक्षण होते. मागे आलेला चेंडू बाजूच्या रेषेबाहेर मारण्याऐवजी त्याने तो मुद्दाम आपल्याच गोलाशेजारून मागे घालविला आणि प्रतिपक्षाला कॉर्नर दिला. कॉर्नर हा थ्रो-इनपेक्षा धोकादायक असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मायहिलने त्या गावापुरते गणित नव्याने मांडले, आणि लोक हसले तरी ते गणित बरोबर होते. तो सामना १-१ असा बरोबरीत सुटला. आर्सेनलचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांना ही फेक किती बोचली असावी, याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. पुढे २०२० साली, जागतिक संघटनेच्या कामावर असताना, चेंडू बाजूने हाताऐवजी पायाने आत घ्यावा अशी सूचना त्यांनी केली.

वेंगर यांच्या संघाला २७ फेब्रुवारी २०१० रोजी स्टोकच्या मैदानावर पुन्हा उतरावे लागले. आठव्याच मिनिटाला डेलॅपच्या फेकीवर त्यांच्यावर गोल झाला. अशा वेळी पाहुण्या संघाचे चित्त विचलित होते, रागाच्या भरात तोही लांब चेंडू मारू लागतो, आणि परक्याच्या खेळात परक्याच्या मैदानावर बुडतो. आर्सेनलने तसे केले नाही. त्यांनी चेंडू फिरविणे सोडले नाही. आणि बरोबरीचा गोल त्यांनी केला तो मात्र गोलापुढे उचलून टाकलेल्या चेंडूवर डोक्याने. आपली रीत न सोडता दुसऱ्याच्या रीतीतले उपयोगी तेवढे घ्यावे ते असे. मग उत्तरार्धात जे घडले ते खेळाच्या वर्णनात लिहू नये असे वाटते, पण टाळताही येत नाही. एका आघातात आर्सेनलच्या एकोणीस वर्षांच्या आरन रॅम्झीचा पाय मोडला. दोन्ही संघांतील खेळाडूंनी तोंडे फिरविली. प्रतिपक्षाच्या खेळाडूला बाहेर काढण्यात आले; तोही रडत गेला. ‘धसमुसळा खेळ’ हा शब्द आपण सहज वापरतो, त्यात किती किंमत दडलेली असते ते त्या क्षणी सर्वांना दिसले. आर्सेनलने अखेरच्या मिनिटांत आणखी दोन गोल करून सामना ३-१ असा जिंकला. सामना संपल्यावर मैदानातच त्यांनी एकमेकांना कवेत घेऊन केलेले वर्तुळ त्या विजयाहून अधिक लोकांच्या लक्षात राहिले. रॅम्झीला पुन्हा उभे राहून खेळावयास कित्येक महिने लागले.

अंगावर येणाऱ्या संघाविरुद्ध अंगावर जाऊन उत्तर देऊ नये, याचे मुख्य कारण हेच आहे. डावपेचाचे कारण त्यानंतर येते. धक्काबुक्कीत यजमान सरावलेला असतो, प्रेक्षक त्याचे असतात आणि फ्री किक त्याच्या पथ्यावर पडते. पायांतून चेंडू जितक्या लवकर पुढच्या गड्याकडे जाईल तितक्या कमी टकरा होतात. एक स्पर्श, फार तर दोन. ओल्या मैदानावर मधला भाग सोडून बगलांनी जावे. दोन्ही कडांचे गवत बहुधा कमी तुडविलेले असते, आणि चेंडू तेथे सरकतो. होनव्हेदला उत्तरार्धात हाच एक मार्ग मोकळा होता असे मला वाटते. चिबोर आणि बुदाई यांच्यासारखे बगलेचे खेळाडू त्यांच्यापाशी होते. परंतु मधल्या चिखलातूनच वाट काढण्याची सवय त्यांना सोडवली नाही.

सवय सोडणे किती कठीण आणि किती फलदायी असते, याचे आपल्या घरचे उदाहरण १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेचे आहे. तेथील अंतिम सामना सरळसोट खेळाविरुद्धचा नव्हता, पण पाहुण्याची अवघड जागा तीच होती. भारताच्या एका क्रीडाधुरीणाच्या उद्गारांमुळे सारे शहर खवळलेले, आणि स्टेडियममधील सुमारे लाखभर प्रेक्षक भारतीयांची हुर्यो उडवीत होते. समोर दक्षिण कोरियाचा संघ होता, ज्याने त्याच स्पर्धेत भारताला २-० असे हरविले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम स्वतः कर्करोगाने आजारी होते. त्यांचा पिछाडीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला आधीच्या एका सामन्यात खोल जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्याला चक्क आघाडीला, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. आखूड पासचा पुरस्कार करणाऱ्या या गुरूने हाताशी असलेले बळ, गरज पडताच, हवे तेथे वापरले. पी. के. बॅनर्जी यांनी सतराव्या मिनिटाला पहिला गोल केला आणि विसाव्या मिनिटाला दुसरा केला तो त्याच जर्नेलसिंगने. कोरियाचा एकमेव गोल अखेरच्या पाच मिनिटांत झाला, आणि सुवर्णपदक भारताचे झाले. पुढील वर्षी जूनमध्ये रहीम निवर्तले.

आता पुन्हा मोलिन्यूकडे वळू. होनव्हेदवरील विजयानंतर कलिस यांनी आपला संघ जगज्जेता असल्याचे सांगितले आणि इंग्लिश वृत्तपत्रांनी तो सूर उचलून धरला. फ्रान्सच्या ‘लेकीप’ या क्रीडा दैनिकातील गाब्रिएल आनो यांना हे रुचले नाही. वुल्व्ह्जनी आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवावे, मग आपण बोलू, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. स्वतःच्या गावी, स्वतःच्या पाण्याने भिजविलेल्या मैदानावरच्या विजयाला ते पुरे मानावयास तयार नव्हते. याच वादातून त्यांच्या वृत्तपत्राने युरोपातील लीग विजेत्यांची स्पर्धा सुचविली आणि १९५५ साली ती सुरू झाली. तिचा नियम तेव्हा असा होता की अंतिम सामना वगळता प्रत्येक जोडीने दोन सामने खेळावयाचे, एक आपल्या घरी आणि एक परक्याच्या.

१९५६ च्या उठावानंतर होनव्हेदचा तो संघ फुटला. पुश्काश, कोचिश, चिबोर यांनी मायदेश सोडला. कोचिश स्पेनमध्ये बार्सिलोनाकडून खेळू लागला. १९६० साली याच युरोपीय स्पर्धेत बार्सिलोनाची गाठ वुल्व्ह्जशी पडली. व्यवस्थापक अजूनही कलिसच होते. पहिला सामना बार्सिलोनाने आपल्या मैदानावर ४-० असा जिंकला. त्यामुळे २ मार्चला मोलिन्यूवर वुल्व्ह्जना गोलांसाठी सर्वस्व पणाला लावून पुढे यावे लागले, आणि नेहमी प्रतिपक्षाच्या पाठीमागे राहणारी मोकळी जागा त्या रात्री त्यांच्या स्वतःच्या पाठीमागे राहिली. पाहुण्यांनी सामना ५-२ असा जिंकला. त्या पाच गोलांपैकी चार कोचिशचे होते.